रक्तातलं की ताटातलं?

विमल,

काल तुझा दहावा झाला. गोदावरीच्या काठावर पिंड ठेवून सगळे मागे सरकले आणि मी घसा साफ करून तयार राहिले. कावळा शिवायला वेळ लागला की घरातल्या कुणीतरी पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो. तो शब्द मीच देणार, हे मी धरूनच चालले होते. सख्खी थोरली बहीण मी, थोरली जाऊही मीच. काय बोलायचं तेसुद्धा मनात घोळवून ठेवलं होतं. तुझ्या पोरीचं, दिपीचं, मी बघते, तू तिची काळजी करू नकोस, असं काहीसं. पण मी पदर सारखा करेपर्यंत कावळा आला, शिवला आणि निवांत भात खात बसला. बायका म्हणाल्या, "लई समाधानी जीव. कशातच गुतला न्हाई." माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबलं. समाधानी? माझ्याशी चाललेलं भांडण अर्धवट टाकून गेलीस आणि तुझा जीव कशातच गुंतला नाही? निदान माझं बोलणं होईपर्यंत तरी त्या कावळ्याला थोपवायचं होतंस.

मला तुझा राग आलाय, आणि रागापेक्षा हेवा जास्त वाटतोय. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये असं म्हणत असतील. पण मी तुझा हेवा जन्मभर केला, आता दहा दिवसांत सवय कशी मोडेल?

आपल्या दोघींना एकाच मांडवात, एकाच घरातल्या दोघा भावांना दिलं. उमापुरात आलो तेव्हा दोघी काडीसारख्या होतो. मग लेकरं झाली आणि दोघीही सुटलो. काळी-पिवळी जीपमध्ये आपण एका बाकावर बसलो की ड्रायव्हर तिसऱ्या माणसाला तिथं बसवायच्या भानगडीत पडत नसे. गल्लीतली पोरं मला थोरली जाडी म्हणायची, तुला धाकटी जाडी. म्हणजे नावात तरी आपण बरोबरीच्या. पण तू एवढं अंग घेऊन शेतापर्यंत चालत जायचीस, दिवसभर कापूस वेचायचीस आणि परत येऊन धुणं घेऊन बसायचीस. मी शिकवते त्या शाळेच्या तीन पायऱ्या भिंतीला धरून चढायची. हसलीस की तुझं सगळं अंग हसायचं. माझं सगळं अंग दुखायचं. तुझं जाडपण तुला शोभायचं गं. मला ते नुसतं छळायचं.

गेवराईच्या त्या डॉक्टरीणबाईंकडं मी तुला सोबतीला म्हणून नेलं होतं. सकाळी उठलं की माझ्या बोटांची मूठ वळायची नाही, गुडघे टम्म व्हायचे, साखर काठावर येऊन बसलेली. तू नुसती पिशवी धरायला आली होतीस. पण तुला कुठं गप्प बसवतंय? "आलेच हाय तर माहं बी बघा की," म्हणत चप्पल काढून तू काट्यावर चढलीस. काटा माझ्यापेक्षा पुढं गेला. देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं रिपोर्ट येईपर्यंत टिकलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "वजन दोघींचं सारखंच धरा. पण थोरल्या बाईंच्या अंगात सूज आहे." मी पाय पुढं केले. त्या म्हणाल्या, "पायावरची नव्हे. आतली. डोळ्यांना दिसत नाही, रक्त तपासलं की कळते. चरबी नुसती पडून राहते असं आपल्याला वाटतं. काही जणींच्या अंगात ती गोवरीसारखी धुमसत असते. त्यानं सांधे धरतात, साखर चढते, पुढं हृदयालाही त्रास होतो."

"आणि हिची?" मी विचारलं. तुझ्याकडं बघायचं टाळून विचारलं.

"यांची बरीच शांत आहे. म्हणून निर्धास्त राहायचं नाही. वजन आहे तिथं धोका आहेच. पण सध्या शांत आहे."

एकाच आईच्या पोटच्या, वर्षानुवर्षं एकाच चुलीवर जेवलेल्या, मग माझ्याच अंगात आग का? मी हे विचारलं तेव्हा माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "काही भाग जन्माचा असतो. आईबापाकडून येतो. पण सख्ख्या बहिणींनाही तो सारखा मिळत नाही, वाटणीत कुणाला काय येईल ते सांगता येत नाही. आणि काही भाग रोजच्या ताटातला असतो. दोन्ही मिळून हे होतं." मी त्यातलं पहिलं ऐकलं, तू दुसरं ऐकलंस, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

त्यात बाईंनी विचारलं, जेवता काय? मी मान ताठ करून सांगितलं की माझा सोमवार असतो, गुरुवार असतो, दोन्ही एकादशा, चतुर्थी, म्हणजे निम्मा आठवडा मी उपाशीच असते, तरी वजन हलत नाही. तू फस्सकन हसलीस. "उपाशी? डाक्टरीनबाई, म्या सांगते हिचा उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी, त्यात मूठ मूठ शेंगदाण्याचा कूट. दुपारला भगर आन शेंगदाण्याची आमटी. चहासंगं बटाट्याचं वेफर. आन झोपताना लाडू, अशक्तपना यिऊ नाई म्हनून. हिचा उपास आसला की मला बी धरावा वाटतो." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या. बाहेरच्या बाकावर माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया बसल्या होत्या, त्यांनाही सगळं ऐकू गेलं. येताना मी ड्रायव्हरशेजारी बसले आणि तुला मागं बसवलं. उमापूर येईपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही.

तुझं म्हणणं खोटं नव्हतं, तेच तर झोंबलं. आपण बायका उपासाला देवाचंही मानतो आणि वजनाचंही. एका दगडात दोन्ही कामं, असा हिशोब. साबुदाणा अंगाला लागतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण तो उपासाचा आहे. उपासाचं खाल्लेलं देव मोजत नाही तसं शरीरही मोजत नसेल, असं मला मनातून खरंच वाटायचं.

आणि दुसरं झोंबलं ते चुलीचं. मला शाळेत नोकरी लागली, वर्ष-दोन वर्षांत सासूबाईंनी चूल वेगळी करून दिली आणि मधल्या अंगणात कमरेएवढी भिंत आली. भिंतीच्या माझ्या बाजूला गॅस आला, गव्हाची पोळी आली, डब्यातलं रिफाइंड तेल आलं, चहाबरोबर खारी आणि बिस्किटं आली. पगाराच्या घरात भाकरी करायची मला लाज वाटायची. भिंतीच्या तुझ्या बाजूला तीच ज्वारी, हिवाळ्यात बाजरी, घाण्यावरचं करडईचं तेल, जवसाची चटणी, अंबाडी, तांदुळजा, शेतात जे उगवेल ते. पुरणपोळीच्या वासानं तुझी दिपी भिंतीवरून डोकवायची आणि मी मोठ्या मनानं तिला तुकडा द्यायची. तू काही पथ्य म्हणून ते खात नव्हतीस. परवडत नव्हतं म्हणून खात होतीस. आणि गेवराईच्या बाईंनी तुझं तेच रोजचं जेवण मला कागदावर पथ्य म्हणून लिहून दिलं. सांग, कुणाला राग येणार नाही?

मग मी माझं रक्त पुढं केलं. तू आबांवर गेलीस आणि मी आईवर, हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल. आईची बोटं शेवटी वळत नव्हती, ती माझ्याकडं आली. तिच्या मानेवरचं काळं माझ्या मानेवर आलं. तिची साखर मला आली. तुला काय आलं? तुला तिची बोरमाळ आली. आईच्या अंगातलं वाईट तेवढं थोरलीला आणि पेटीतलं चांगलं धाकटीला, अशी ती वाटणी. मी भिंतीच्या अलीकडून म्हणायची, "जन्मालाच आलंय माझ्या, त्याला मी काय करू?" की तू पलीकडून तयारच. "आक्का, त्यो बिस्कुटाचा पुडा बी आईनंच दिला का गं जाताना? आन खारी? ती आजीकडून आली आसंल."

"तुला काय कळतंय? डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की. दोन्ही म्हनल्या. तू आर्धंच धरून बसलीस. आगं, रगत रगत कावून करतीस? रगत बदलता येत न्हाई, ताट तर येतं ना?"

हे तू इतक्या मोठ्यानं म्हणायचीस की कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा थांबवून ऐकायचा. मला वाटायचं, अंगात दोष नाही म्हणून मिरवते आहे. जिला दुखत नाही तिला शहाणपण स्वस्त पडतं. एकदा मी तसं बोललेही. तू भिंतीपासून वळून आत गेलीस. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी दिपी भिंतीवरून जवसाच्या चटणीची वाटी आणि फडक्यात दोन भाकरी घेऊन आली. मी त्या तुझ्यावरचा राग म्हणून ठेवून दिल्या आणि राग तसाच ठेवून खाल्ल्या. वाटी परत पाठवताना निरोप दिला की मीठ जास्त झालंय. पुढच्या वेळी तिखट जास्त झालं होतं. त्याच्या पुढच्या वेळी जवस नीट भाजलं नव्हतं. तू वाटी पाठवत राहिलीस आणि मी खोड काढत राहिले. पावसाळा गेला, हिवाळा आला. संक्रांतीला कासारीण आली तेव्हा नेहमीच्या मापाच्या बांगड्या साबण न लावता हातात गेल्या. ती म्हणाली, "बाई, हात उतरला की!" तू समोर बसली होतीस. मी म्हणाले, "नव्या गोळ्या चालू आहेत ना."

गोळ्या चालू होत्या हे खरं. पण बिस्किटंही सुटली होती, पोळीच्या जागी भाकरी आली होती, उपासांतला फक्त सोमवार राहिला होता आणि त्यालाही मी नुसतं दूध आणि फळ घेत होते. पुढच्या तपासणीत रक्तातली सूज उतरली. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, कशानं किती उतरली ते वेगळं काढून सांगता येत नाही, सगळं मिळून उतरते, आणि कुणाची किती उतरेल तेही पुन्हा ज्याच्या त्याच्या घडणीवर. उतरली खरी, पण तुझ्याएवढी नाही. मी एवढं सगळं करून जिथवर पोचले, त्याच्या पुढं तू काहीही न करता पहिल्यापासून बसलेली. कागद हातात घेऊन मी हेच बघितलं. बरी झाले हे बघितलंच नाही. चटणीबद्दल तुला चांगलं म्हणायचं राहिलं, ते त्यामुळं. चटणी फार चांगली व्हायची, विमल. मीठ कधीच जास्त नव्हतं.

आणि मग पुढचा उसाचा सीझन आला. गेवराईच्या रस्त्यावर वळणाला ट्रॉली उलटली आणि कडेला जीपची वाट बघत उभी असलेली तू खाली सापडलीस. मी वर्गात फळ्यावर लिहीत होते. इतकी वर्षं मी धरून चालले होते की आधी मीच जाणार. साखर माझी, सांधे माझे, सूज माझी. तू माझ्या अंगावर पडून रडशील, बायका तुला आवरतील, हेही मी मनात रंगवून ठेवलं होतं. आक्का, आक्का, असं तुझं ओरडणं मला ऐकूसुद्धा यायचं आणि आतून बरं वाटायचं. ते सगळं तू माझ्याकडून करून घेतलंस. तुला न्यायला अख्खं गाव आलं. शिरूर कासारहून, कुठून कुठून, तुझ्याबरोबर एखादा दिवस कापूस वेचलेल्या बायका आल्या आणि पाठची बहीण गेल्यासारख्या रडल्या. मी आजूबाजूला बघत होते, माझ्या वेळी यातल्या किती येतील म्हणून.

आता दिपीचं सांगते. ती जन्मली तेव्हाच सुईण म्हणाली होती, ही मोठ्या आईवर गेली. माझा सतीश मात्र तुझ्यावर गेला. पुण्यात मेसचं वाट्टेल ते खातो, अंगाला काही लागत नाही. आपली अदलाबदल झाली, असं आपण हसायचो. मला मुलगी हवी होती आणि ती माझ्यासारखी होऊन तुझ्या घरात वाढत होती. तिचा गोल खांदा, तिची चाल, सगळं माझं. लोक म्हणायचे, हिला बघितलं की शाळेच्या बाईच आठवतात, आणि मला सुखानं गुदगुल्या व्हायच्या. एवढी एक गोष्ट तुझ्याकडं होती पण माझी होती.

सुतकात घरात फोडणी नव्हती. भावकीतून येईल ते खायचं. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा घेऊन यायचा, पोरीला जवळ घ्यायचा आणि चहात बिस्किट बुडवून तिच्या तोंडात घालायचा, काहीतरी खा म्हणून. दहा दिवस ती तेच खात होती आणि कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

आज सकाळी मी भिंतीला वळसा घालून तुझ्या स्वयंपाकघरात गेले. भावजी बाहेर ओट्यावर बसून होते. मी तुझ्या परातीत पीठ घेतलं, तवा ठेवला. दिपी येऊन पाटावर बसली आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं दाबत राहिली. मूठ वळत नव्हती. मला विचारावंही लागलं नाही. अशा किती सकाळी मी स्वतः काढल्यात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू पैल्यांदा गेवराईला गेलीस तवापासून. ह्या धा दिसांत लई वाढलंय." थोडं थांबून ती म्हणाली, "आई मला घिऊन गेल्ती गेवराईला. रगत तपासलं. तुज्यासारखंच निघालं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आई म्हनली, मोठ्या आईला कळू दिऊ नको. ती म्हनंल, बघ, रगतातच हाय. आन तिचं ऐकून तू मान टाकशील." ती खाली बघत बोलत होती. "म्या खोलीत आभ्यास करत आसले की आई मुद्दाम भिताडापाशी यिऊन तुज्याशी भांडायची. मोठ्यानं. मला ऐकू यावं म्हनून."

भाकरी तव्यावर करपली, मला वासही आला नाही. विमल, मला वाटायचं ती भांडणं माझी आहेत. तू जगात एवढ्या मोठ्यानं फक्त माझ्याशीच भांडतेस, एवढं तरी माझ्या एकटीचं आहे, असं मी धरून होते. तेही तू पोरीसाठी करत होतीस. मला तिच्या जागी धरून, माझ्याशी बोलून, तिला सांगत होतीस. त्या क्षणी मला दिपीचासुद्धा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. आणि पहिल्यांदाच ती माझ्यावर गेली याची भीती वाटली. आईची बोटं माझ्यापाशी थांबली नाहीत, तुझ्या घरात शिरून त्यांनी तिला गाठलं.

करपलेली भाकरी काढून मी दुसरी टाकली. दिपी माझ्याकडं बघत होती.

"मोठी आई, तू शिकलेली हायेस. खरं सांग. आई म्हनायची ते खरं का तू म्हनायचीस ते?"

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. दोन्ही खरं. किती रक्ताचं, किती ताटातलं, ते वेगळं काढता येत नाही. मी शिक्षिका आहे, अर्धवट उत्तराला कधी पूर्ण मार्क दिले नाहीत. आणि ही पोर मूठ वळवायचा प्रयत्न करत माझ्यापुढं बसली होती.

"तुझी आई म्हणायची ते खरं," मी म्हणाले.

"समदं?"

"समदं. मी उगीच हेका धरला होता."

तिनं बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं. तुझ्याइतकीच संशयी आहे ती. मग जवसाची बरणी पुढं ओढून तिनं भाकरी मोडली, एका हातानं जमेना म्हणून दोन्ही हातांनी मोडली, आणि खायला लागली. मी पुढची थापायला घेतली.

जिंकलीस तू. तुझ्याच चुलीपुढं बसून, तुझ्याच पोरीच्या तोंडावर मी हार मानली. असतीस तर भिंतीवर चढून अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं असतंस, न्हाव्यालासुद्धा सोडलं नसतंस. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नसतीस. सांगायला हवी होतीस गं.

तुझी,
आक्का